बॅकअप फेल झाला, लॉग कसा वाचू? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी नऊच्या सुमारास मोबाइलवर एक फोटो येतो. स्क्रीनचा, तिरका, वर ट्यूबलाइटची चकाकी. खाली एकच ओळ: "बॅकअप फेल दाखवतोय, काय करू?" पतसंस्था, दवाखाने, गाड्यांच्या डीलरची ऑफिसं अशा ठिकाणचे छोटे सर्व्हर सांभाळता सांभाळता असे फोटो खूप जमलेत. त्यांच्यासोबत आलेल्या प्रश्नांपैकी पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतलेत. प्रत्येक उत्तर एकटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. लॉग फाइल म्हणजे रोज ई-मेलवर येतो तो रिपोर्टच ना?

नाही. पतसंस्थेतल्या माणसाला पटकन कळेल असं सांगतो: रिपोर्ट म्हणजे ताळेबंद आणि लॉग म्हणजे रोजकीर्द. ताळेबंद जुळला नाही एवढं ताळेबंद सांगतो. तो का जुळला नाही, हे बघायला कीर्दच उघडावी लागते. रिपोर्टमध्ये जॉबचं (ठरल्या वेळी चालणाऱ्या बॅकअपच्या कामाचं) नाव, लागलेला वेळ आणि हिरवी-लाल खूण असते. लॉगमध्ये जॉबने कितव्या सेकंदाला काय केलं, कोणती फाइल उघडायला गेला, कोणी नकार दिला, हे सगळं ओळीने लिहिलेलं असतं.

२. आमची लॉग फाइलच ८० जीबीची झाली आहे. डिलीट करू का?

हात लावू नका. आधी फाइलच्या नावाचा शेवट बघा. 'एलडीएफ' असेल तर तो बॅकअपचा लॉग नव्हे, तो एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरचा ट्रान्झॅक्शन लॉग आहे, म्हणजे तुमच्या डेटाबेसचाच भाग. तो उडवला तर सोमवारी काउंटर उघडणार नाही.

'लॉग' हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना वापरला जातो, त्यातून हा घोळ होतो. डेटाबेस 'फुल रिकव्हरी' मोडमध्ये असेल आणि ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप कोणी लावलेलाच नसेल, तर ती फाइल वाढतच राहते. फुल बॅकअप रोज झाला तरी ती रिकामी होत नाही. उपाय म्हणजे लॉग बॅकअपचा जॉब लावणे. लॉग बॅकअपची गरजच नसेल तर 'सिंपल' मोड. पण तो निर्णय सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला विचारूनच घ्या, कारण मग दिवसभरातल्या मधल्या एखाद्या वेळेपर्यंत मागे जाता येत नाही.

फाइल खरोखर बॅकअप सॉफ्टवेअरची असेल तर प्रश्न १३ आणि १४ बघा.

३. लॉग सापडतो कुठे? आयकॉनवर तर काहीच दिसत नाही.

विंडोज सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप वापरत असाल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, बॅकअप आणि शेवटी ऑपरेशनल. इव्हेंट क्रमांक ४ म्हणजे बॅकअप यशस्वी, ५ म्हणजे फसला. फाइलनिहाय तपशील विंडोज फोल्डरमधल्या लॉग्समध्ये 'विंडोज सर्व्हर बॅकअप' नावाच्या फोल्डरात असतो.

व्हीम हे बॅकअप सॉफ्टवेअर असेल तर त्याचे लॉग सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटामध्ये, व्हीमच्या फोल्डरात. प्रोग्रामडेटा लपवलेला फोल्डर आहे, म्हणून "आमच्याकडे तो नाहीच" असं बऱ्याच जणांना वाटतं. व्ह्यू मेनूतून लपलेल्या वस्तू दाखवा, दिसेल. लिनक्सवर व्हार फोल्डरमधलं लॉग फोल्डर, आणि सिस्टिमडीच्या (सेवा चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सेवांसाठी जर्नलसीटीएल ही कमांड.

मात्र लॉग एकाच यंत्रावर नसतो. ज्याचा बॅकअप घेतोय तो सर्व्हर, बॅकअप सॉफ्टवेअरचं यंत्र, आणि जिथे साठवतो ते नास (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) किंवा डिस्क, प्रत्येकाची आपापली कीर्द असते. लोक मधलीच वाचतात आणि अडतात.

४. लॉग दहा हजार ओळींचा आहे. वाचायचा कुठून?

फोटो नेहमी शेवटच्या ओळीचा येतो, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात निरुपयोगी असते. खाली एका पतसंस्थेचा लॉग मराठीत उतरवून, छोटा करून दिलाय (इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच उचलणारा, स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची स्थिर प्रत):

०१:३०:०२ जॉब सुरू, प्रकार इन्क्रिमेंटल
०१:३०:४४ स्नॅपशॉट तयार
०१:३१:१० नासवरच्या शेअर केलेल्या फोल्डरशी जोडणी झाली
०२:१४:०९ २१.६ जीबी लिहून झाले
०२:२९:०९ लिहिता येत नाही, एरर ६४
०२:२९:१० पुन्हा प्रयत्न
०२:२९:३१ एरर ५३
०२:३०:१५ बॅकअप फाइल अपूर्ण, जॉब अयशस्वी

मला फोटो आला तो "बॅकअप फाइल अपूर्ण" या ओळीचा. त्या माणसाने दोन दिवस फाइल दुरुस्त कशी करायची याच्या मागे घालवले होते. ती ओळ हा परिणाम आहे. वर चढत गेलं की पहिली चूक सापडते, ०२:२९:०९ची. पण तिथेही थांबायचं नाही. तिच्या वरच्या ओळीशी वेळ ताडून बघा. मध्ये बरोबर पंधरा मिनिटं एकही ओळ नाही. खऱ्या अडचणी अशा घड्याळ लावून येत नाहीत. नेमकी ५, १० किंवा १५ मिनिटांची पोकळी दिसली की तो टाइमआउट समजावा: सॉफ्टवेअर वाट बघत बसलं आणि मर्यादा संपल्यावर ओरडलं. म्हणजे बिघाड झाला ०२:१४ला. विंडोजमध्ये ६४ म्हणजे नेटवर्कवरचं नाव आता उपलब्ध नाही आणि ५३ म्हणजे तो पत्ताच सापडत नाही. दोन्ही एकत्र वाचले तर नास गायब झालंय, आणि शोध घ्यायचाय नासच्या लॉगमध्ये, ०२:१४च्या आसपास. तिथे काय निघालं ते प्रश्न ९ मध्ये.

याहून सोपी युक्ती एक आहे, ती फार थोडे लोक वापरतात. बॅकअप नीट झालेल्या एखाद्या रात्रीचा लॉग बाजूला जपून ठेवा. दोन्ही शेजारी-शेजारी उघडा आणि पहिला फरक कुठे पडतो ते बघा. लॉगमध्ये भीतीदायक दिसणाऱ्या कितीतरी ओळी रोजच येतात, चांगल्या रात्रीही येतात. चांगला लॉग समोर असला की त्यांच्यामागे वेळ जात नाही.

आकड्याचा अर्थ हवा असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'नेट हेल्पएमएसजी' आणि पुढे तो आकडा टाइप करा. इंटरनेट लागत नाही.

५. लॉगमधली वेळ आमच्या वेळेशी जुळतच नाही. जॉब रात्री दीडला, लॉग म्हणतो आदल्या दिवशी आठ.

तो लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिला जातोय. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून मंगळवारी पहाटे ०१:३०चा जॉब सोमवारी २०:०० असा दिसतो. तारीखही मागे जाते, आणि लोक मंगळवारची फाइल उघडून "यात काहीच नाही" म्हणतात.

आधी फरक मोजा. बरोबर साडेपाच तास असेल तर नुसता टाइम झोनचा मामला, काही बिघडलेलं नाही. सात मिनिटं, तेवीस मिनिटं असा ओबडधोबड फरक असेल तर घड्याळच चुकलंय, आणि ते दुरुस्तच करायला हवं. डोमेनमध्ये (ऑफिसच्या एकत्र जोडलेल्या विंडोज यंत्रांत) केर्बेरॉस ही लॉगिनची पद्धत डीफॉल्टने ५ मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही, म्हणजे चुकीचं घड्याळ स्वतःच बॅकअप पाडू शकतं. शिवाय तीन यंत्रांच्या कीर्दी ताडायच्या तर तिघांचं घड्याळ एक हवं. सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायचं आहेच.

६. रोबोकॉपीचा टास्क रोज 'रिझल्ट १' दाखवतो. रोज फेल होतोय का?

उलट, रोज नीट चालतोय. रोबोकॉपी या विंडोजच्या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडमध्ये ० म्हणजे चूक नाही पण कॉपी करण्यासारखं नवीनही काही नव्हतं. १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. २ म्हणजे लक्ष्याकडे जादा फाइली आहेत. हे आकडे बेरजेने येतात, म्हणून ३ म्हणजे १ आणि २ दोन्ही. ८ किंवा त्यापुढचा आकडा आला की काळजी: काही फाइली कॉपी झाल्या नाहीत. १६ म्हणजे गंभीर चूक. खरं तर रोज ० येत असेल तर मी जास्त घाबरेन, कारण चालू ऑफिसात रोज एकही फाइल बदलत नाही हे पटत नाही.

इतर कॉपी-बॅकअप प्रोग्रामांची तऱ्हा वेगळी. आरसिंकमध्ये २४ म्हणजे यादी करताना होत्या त्या काही फाइली उचलायच्या वेळेस गायब झाल्या. मेल सर्व्हरवर हे रोजचंच. २३ मात्र सोडू नका, काही फाइली राहून गेल्या आहेत. बोर्ग १ देतो तेव्हा इशारा, २ देतो तेव्हा चूक. रेस्टिकचा ३ फसवा आहे: स्नॅपशॉट तयार होतो, यादीत दिसतो, पण काही फाइली वाचता न आल्याने तो अपुरा असतो.

७. मी ॲडमिन आहे, फोल्डर उघडतो, फाइल टाकता येते. तरी लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड'!

कारण रात्री दीडला तुम्ही नसता. जॉब चालतो तो सेवेच्या खात्यावर, आणि त्या खात्याला नासवर परवानगी आहे का हा खरा प्रश्न. लॉगच्या सुरुवातीच्या ओळींत कोणत्या युजरने जॉब चालू केला ते बहुधा लिहिलेलं असतं. आधी तेवढं शोधा.

मॅप केलेला झेड ड्राइव्ह हे दुसरं नेहमीचं कारण. मॅप ड्राइव्ह लॉगिनपुरता असतो, सेवेला तो दिसत नाही. जॉबमध्ये ड्राइव्हचं अक्षर काढा आणि दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या.

एररचा आकडा मात्र नीट बघा, कारण लोक सगळ्यालाच 'परवानगीचा प्रॉब्लेम' म्हणतात. ५ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. १३२६ म्हणजे युजर किंवा पासवर्डच चुकीचा. कोणीतरी पासवर्ड बदलला आणि बॅकअपमध्ये बदलायचं राहिलं. १२१९ म्हणजे त्याच यंत्राशी दुसऱ्या नावाने जोडणी आधीच उघडी आहे.

८. हाताने चालवला की बॅकअप होतो, रात्री आपोआप होत नाही. असं का?

विंडोजवर असाल तर आधी प्रश्न ७, बहुतेकांचं तिथेच मिटतं.

लिनक्सवर संशय क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेवर. क्रॉनला तुमच्या टर्मिनलसारखा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) मिळत नाही, म्हणून लॉगमध्ये 'कमांड नॉट फाउंड' येतं. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता द्या. त्याहून छुपी गोष्ट म्हणजे टक्क्याचं चिन्ह. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून क्रॉनटॅबच्या ओळीत डेट कमांड टक्क्यासकट लिहितात. क्रॉन त्या टक्क्याला ओळीचा शेवट समजतो आणि पुढचं सगळं तोडतो. सिस्लॉगमध्ये (लिनक्सच्या सर्वसाधारण लॉगमध्ये) क्रॉनची ओळ बघितली की कमांड अर्धीच दिसते. टक्क्याआधी उलटी तिरपी रेघ टाका, किंवा सगळं स्क्रिप्टमध्ये हलवून क्रॉनमधून फक्त स्क्रिप्ट बोलवा. मी दुसरं करतो.

९. लॉग मध्येच तुटतो. एरर नाही, शेवट नाही, काहीच नाही.

एरर लिहायलाही प्रोग्राम जिवंत असावा लागतो. लॉग वाक्य अर्धवट सोडून थांबला असेल तर प्रोग्रामला बाहेरून कोणीतरी मारलंय. म्हणून बॅकअपचा लॉग मिटवा आणि शेवटच्या ओळीची वेळ घेऊन सिस्टिमच्या लॉगकडे वळा.

विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये १०७४ म्हणजे कोणीतरी किंवा अपडेटने रीतसर रीस्टार्ट केला. ६००८ किंवा कर्नल-पॉवरचा ४१ म्हणजे यंत्र न सांगता बंद पडलं. लिनक्सवर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) ओळींत 'आउट ऑफ मेमरी' शोधा. मेमरी संपली की कर्नल जास्त मेमरी खाणाऱ्याला मारतो, आणि डीडुप्लिकेशन करणारा (एकसारखा डेटा एकदाच साठवणारा) बॅकअप त्यात सहज सापडतो. एग्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) १३७ आला तर हाच संशय: १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे किल सिग्नल. एक अडचण येऊ शकते. व्हार-लॉगमध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर नसेल तर सिस्टिमडीचा जर्नल डीफॉल्टने फक्त मेमरीत राहतो आणि रीबूटनंतर पुसला जातो. म्हणजे रीबूटचं कारण रीबूटबरोबरच गेलं. ते फोल्डर आजच करून ठेवा.

आता प्रश्न ४ मधलं नास. त्याच्या लॉगमध्ये ०२:१४ला काहीच नव्हतं. सकाळी ०९:०५ला ओळ होती: आधीचं बंद होणं अनपेक्षित. मागची पानं चाळली तर असंच दर दुसऱ्या मंगळवारी. अनेक यूपीएस दर १४ दिवसांनी स्वतःची चाचणी घेतात, काही क्षण भार बॅटरीवर टाकून. इथली बॅटरी मेलेली होती. चाचणी सुरू झाली की नास धाडकन बंद. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंगही बंद होती, त्यामुळे ते सकाळपर्यंत तसंच पडून राहायचं. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, "तो काळा डबा ना? कधी कधी बंद असतो, मी आल्यावर बटण दाबतो." किती महिने दाबत होते ते त्यांनाही आठवत नव्हतं. बॅटरी बदलली, प्रश्न संपला.

१०. 'डिस्क फुल' म्हणतो, पण ४०० जीबी मोकळे दिसतायत.

कोणती डिस्क, ते लॉगच्या त्याच ओळीत बघा. विंडोजचा एरर ११२ किंवा लिनक्सचा 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' नेहमी लक्ष्य डिस्कबद्दलच असतो असं नाही. टेम्प फोल्डर असेल, स्नॅपशॉटसाठी राखलेली जागा असेल, नासवरचा त्या युजरचा कोटा असेल.

लिनक्सवर जागा असून आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपतात. लाखो बारीक फाइली असल्या की होतं. डीएफ कमांडला 'आय' पर्याय दिला की दिसतं. आणि यूएसबी डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीची एक फाइल तिच्यावर मावत नाही. लॉगमध्ये बॅकअप बरोबर ४ जीबीच्या आसपास दरवेळी पडतोय असं दिसलं तर डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, अर्थात तिच्यावरचं आधी दुसरीकडे हलवून.

११. व्हीएसएसची एरर येते. सगळे म्हणतात सर्व्हर रीस्टार्ट कर. तोच उपाय का?

चालतो, म्हणून सगळे सांगतात. पण कारण कळत नाही आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

व्हीएसएस ही विंडोजची सेवा चालू फाइलींचा स्थिर फोटो घेते. फोटोआधी ती प्रत्येक 'रायटर'ला, म्हणजे एसक्यूएल वगैरेंच्या प्रतिनिधीला सांगते: क्षणभर लिहिणं थांबवा. या थांबण्याला ६० सेकंदांची मर्यादा आहे आणि प्रत्यक्ष फोटोला १० सेकंदांची. डिस्क मंद असेल, किंवा त्याच वेळी अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन चालू असेल, तर रायटर वेळेत आवरत नाही.

बॅकअपचा लॉग फक्त "स्नॅपशॉट झाला नाही" म्हणेल. त्याच मिनिटाच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये व्हीएसएसच्या ओळी बघा. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर व्हीएसएसॲडमिनला रायटरांची यादी मागा. प्रत्येकाची स्थिती आणि शेवटची चूक दिसते. जो 'फेल्ड' किंवा 'टाइम्ड आउट' आहे त्याचीच सेवा रीस्टार्ट करा. एसक्यूएल रायटर असेल तर एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर ही सेवा, सिस्टिम रायटर असेल तर क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस. ही यादी बॅकअप फसल्यावर लगेच घ्यायची; रीस्टार्टनंतर सगळे शहाण्यासारखे 'स्टेबल' दाखवतात.

रोज ठरावीक वेळीच होत असेल तर त्या वेळी आणखी काय चालू असतं ते बघा. दोन बॅकअप सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू असलेले मी दोनदा पाहिलेत.

१२. लॉग पूर्ण हिरवा आहे, पण रिस्टोर केलं तर डेटाच नाही. लॉग खोटं बोलतो का?

खोटं नाही बोलत. तुम्ही सांगितलेलं काम झालं, एवढंच तो म्हणतो. डेटाची डिस्क माउंट झाली (सिस्टिमला जोडली गेली) नव्हती आणि बॅकअपने रिकामं फोल्डर इमानदारीने उचललं, तर लॉगला ते यशच. म्हणून खुणेआधी आकडे वाचा: किती फाइली, किती जीबी, किती वेळ. रोज ४० मिनिटं लागणारा जॉब २५ सेकंदांत संपला तर तो लॉग हिरवा असला तरी लालच समजा.

प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७चं प्रकरण त्यांनीच सविस्तर जाहीर केलं आहे. चुकीच्या सर्व्हरवर डेटा डिलीट झाला आणि बॅकअप काढायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. पोस्टग्रेस ९.६चा डेटाबेस, आणि त्याचा बॅकअप घेणारं पीजीडंप चालत होतं ९.२चं, प्रत्येक वेळी चूक देऊन थांबत होतं. चूक कळवणाऱ्या ई-मेल सुटतही होत्या, पण डीमार्कच्या (खोट्या पाठवणाऱ्यांना अडवणाऱ्या) नियमात न बसल्याने समोरच्या मेल सर्व्हरने त्या नाकारल्या. चूक लिहिली गेली होती, वाचणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही.

एसक्यूएल सर्व्हरची आणखी एक गंमत, जिथे दोन्ही लॉग खरे असूनही रिस्टोर अडतं. तुमचं सॉफ्टवेअर रविवारी फुल आणि रोज डिफरन्शियल (फुलनंतर बदललेलं तेवढंच) घेतं. बुधवारी अकाउंटिंगवाल्या इंजिनिअरने काम करताना हाताने एक फुल बॅकअप घेतला आणि पेनड्राइव्हवर नेला. गुरुवारपासूनचे डिफरन्शियल आता त्या पेनड्राइव्हवरच्या फुलवर बेतलेले. रविवारच्या फुलवर ते बसणारच नाहीत. तुमच्या बॅकअपच्या लॉगमध्ये याचा मागमूस नाही. एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये मात्र १८२६४ क्रमांकाची ओळ बुधवारी दुपारची सापडेल. बाहेरच्यांना 'कॉपी-ओन्ली' पर्याय वापरायला सांगा, लेखी.

१३. सपोर्टवाले 'डीबग लॉगिंग ऑन करा' म्हणतात. ठेवू का कायमचं?

डीबग म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिणारा लॉग. एका रात्रीपुरतं ठेवा. चूक पकडली की लॉगची पातळी लगेच परत खाली आणा. डीबग लॉगने सी ड्राइव्ह भरून सर्व्हरच बसलेला पाहिलाय, आणि मग नवीन चुकीचा लॉग लिहायला जागा नव्हती.

१४. जुने लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्टइनच्या २०२२च्या त्याच निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे सुरक्षित ठेवायचे आहेत. कित्येक लिनक्स सर्व्हरवर जुने लॉग काढून टाकणारा लॉगरोटेट मात्र आठवड्याला एक अशा चारच प्रती ठेवतो. म्हणजे काही न करता बसलात तर महिन्याभरातच पुरावा गेला. सेटिंग वाढवा. दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) जुन्या फाइलींत त्या न उघडता शोधायला झेडग्रेप ही कमांड आहे.

साफसफाईची स्क्रिप्ट स्वतः लिहीत असाल तर क्योटो विद्यापीठाची गोष्ट ऐका. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या महासंगणकावरच्या बॅकअपमध्ये जुने लॉग काढणारी एक स्क्रिप्ट होती. ती चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली. स्क्रिप्ट अर्ध्यातून नव्या मजकुरावर गेली, फोल्डरच्या नावाचं व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि लॉगऐवजी खऱ्या फाइली पुसल्या गेल्या: सुमारे ७७ टीबी, ३.४ कोटी फाइली. व्हेरिएबल रिकामं असेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं, अशी ओळ बॅशमध्ये एकच लागते.

१५. लॉग कंपनीच्या सपोर्टला पाठवताना काय काळजी घ्यायची?

फोटो नको, फाइल पाठवा. आणि कापून नको, पूर्ण पाठवा. "महत्त्वाचं तेवढं" म्हणून पाठवलेल्या तुकड्यात बहुधा प्रश्न ४ मधल्या शेवटच्या तीन ओळी असतात. सोबत नेमकी वेळ आणि आदल्या दिवसात काय बदललं ते लिहा.

पाठवण्याआधी पासवर्ड शोधा. काही स्क्रिप्ट पूर्ण कमांड लॉगमध्ये छापतात, पासवर्डसकट. दवाखान्यात फाइलींच्या नावातच पेशंटची नावं असतात, ती बदलून टाका. सगळीकडे सारखाच बदल करा, नाहीतर समोरच्याला माग लागणार नाही.

१६. रॅन्समवेअर आलं तर बॅकअपच्या लॉगमध्ये आधी दिसतं का?

कधी कधी दिसतं. रोजचा इन्क्रिमेंटल ६ जीबीचा, आणि एका रात्री १८० जीबी. सोबत कॉम्प्रेशन कोसळलेलं, कारण एन्क्रिप्ट झालेला डेटा दाबला जात नाही. जॉब यशस्वीच म्हणेल, त्याच्या दृष्टीने फाइली बदलल्या एवढंच. विंडोजमध्ये सिक्युरिटी लॉगचा ११०२ आणि सिस्टिम लॉगचा १०४ म्हणजे कोणीतरी लॉग पुसला. तुम्ही पुसला नसेल तर नेटवर्कची वायर आधी काढा, विचार नंतर. शॅडो कॉपी (व्हीएसएसने घेतलेल्या प्रती) अचानक शून्यावर आल्या असतील तरी तेच. घटना कळल्यापासून ६ तासांत सर्टइनला कळवायचं आहे.

लॉग त्याच सर्व्हरवर असतील तर हल्लेखोर तेही पुसतो. रोजची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या, जिथे या सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड चालत नाही.

१७. आज लॉगच तयार झाला नाही. फेलचा मेलही नाही. म्हणजे ठीक आहे ना?

नाही. जॉब सुरूच झाला नाही. आधी कालचा जॉब अजून चालू आहे का बघा. अनेक सॉफ्टवेअर एक संपेपर्यंत दुसरा सुरू करत नाहीत. रेस्टिकसारख्यांत मेलेल्या जॉबचं कुलूप मागे राहतं. अनलॉकने ते काढता येतं, पण दुसरं कोणी खरंच चालू नाही याची खात्री करूनच. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये हिस्टरी बघायला जावं तर ती बंद असते. डीफॉल्टच तसा आहे. उजव्या बाजूला 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' आहे, ते आजच दाबून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तरी कळेल.

मी फेलच्या मेलवर विसंबतच नाही. दुसऱ्या एका यंत्रावर सकाळी सातला छोटी स्क्रिप्ट चालते. गेल्या २६ तासांत प्रत्येक सर्व्हरची 'यशस्वी' ओळ आणि आदल्या आठवड्याच्या जवळपास जाणारा जीबीचा आकडा सापडला नाही, तर ती मला मेसेज करते. २४ऐवजी २६ यासाठी की महिनाअखेरीला जॉब तास-दीड तास लांबतो, आणि तेवढ्यासाठी सातला उठवून घ्यायची माझी इच्छा नाही.